उकरून काढलेलं भांडण

आमच्या वैनीला भांडता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण तुम्ही पोशीरला दिवस काढलेले नाहीत. आमच्या गावात भांडणावाचून पान हलत नसे. बांधावरून भांडण, कोंबडीवरून भांडण, "काय, बरं हाय ना?" असं कुणी साधं विचारलं तर त्या विचारण्यावरून भांडण. आमची आई तर साऱ्या आळीत नावाजलेली. तिने पदर खोचला की ओटीवर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून शेजारी जायचं. अशा घरात माझ्या थोरल्या भावाची बायको म्हणून ही घाटावरची मुलगी आली, आणि कुणी काहीही बोललं तरी मान खाली घालून म्हणायला शिकली, "बरं." त्या "बरं"ने तिची दोन मुलं खाल्ली.

हे मी शांतपणे सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो. चौकच्या शाळेत मास्तरकी करता करता माझे केस पिकले. लोक म्हणतात, मास्तर, जुन्या गोष्टी त्या, आता राग सोडा. सोडा म्हणे! राग म्हणजे काय खांद्यावरचं उपरणं आहे, काढून खुंटीला अडकवायला?

वैनी दुष्काळात आली. वर देशावर पाऊस फिरकेनासा झाला आणि भीमेकाठची माणसं घाट उतरून आमच्याकडे आली. रेल्वेला रुळांखाली घालायला खडी लागत होती. दहिवलीच्या माळावर त्यांनी काठ्या आणि चटया लावून झोपड्या उभ्या केल्या, आणि बाया-पुरुष दिवसभर दगड फोडत बसले. आमचे वडील तिथून बैलगाडीने खडी वाहायचे. तिथल्या एका म्हाताऱ्याशी त्यांची तंबाखूची देवघेव झाली, मग बोलणं वाढलं, जात एकच निघाली, आणि म्हाताऱ्याची लेक आमच्या घरी आली. लग्नात तिच्या अंगावरचं लुगडंसुद्धा उसनं होतं. पण चाल काय तिची! डोक्यावर पाटी घेऊन चालायची सवय, त्यामुळे मान ताठ आणि ढांगा लांब. जोडीने देवाला निघाली तर दादाला मागून धावावं लागलं. आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, "घाटीण घोड्यावानी चालते गं!" वैनीला वाटलं कौतुक करताहेत. तीही हसली, आणि तिचं हसणं असं की दोन घरं पलीकडे ऐकू गेलं.

तेव्हापासून तिला माणसात आणायचं काम सुरू झालं. हा शब्द आईचा. "आमी तुला माणसात आणली गं," असं ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची. वैनी सासूला आत्याबाई म्हणायची, तर आईने सांगितलं, आये म्हण. वैनी "न्हाय" म्हणायची, तर घरातली सगळी नाकातून "न्हाय, न्हाय" करून तिला वेडावायची. ती "नाय" म्हणायला शिकली. बाजरीची भाकरी आईच्या लेखी गुरांचं खाणं, ती बंद झाली. मोठ्याने हसणं बंद झालं. शेतातली कामंही बंद झाली, कारण आमच्या घरच्या सुना बांधावर जात नसत. चार खाचरं काय ती आमची, आणि मिजास बघा! दिवसभर चुलीच्या धुरात बसायचं, पुरुष जेवून, सासू जेवून मडक्यात उरेल ते खायचं. न उरलं तर पाणी. "बरं," वैनी म्हणाली. वर्षभरात ती अशी झाली की नवा पाहुणा तिला आमच्यातलीच समजायचा. आई अभिमानाने म्हणायची, "आता कोन म्हनंल ही घाटीण हाय म्हनून?"

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. वैनीचं माहेर म्हणजे दहिवलीची ती झोपडी. आईला लाज वाटली, पण रीत मोडवेना. मीच वैनीला गाडीत घालून तिथे पोचवलं. दुपारची वेळ होती. खडी फोडणं थांबलं होतं आणि बायका भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. भाकऱ्या तरी कसल्या, दुष्काळातल्या, तळहाताएवढ्या. वैनी त्यांच्यात जाऊन बसली. कुणीतरी तिच्या मांडीवर फडकं पसरलं, आणि मग एकेक बाई आपल्या भाकरीचा तुकडा मोडून त्या फडक्यावर टाकू लागली. कुणी कांद्याची फोड टाकली, कुणी गुळाचा खडा. मी येड्यासारखं विचारलं, हे काय चाललंय? तर एक म्हातारी माझ्यावरच खेकसली, "दोन जिवांची हाय ती. तिला एका भाकरीत कसं भागंल? येवडं बी कळंना व्हय तुला?"

मला आपलं वाटलं, एकदाच करत असतील, लेक आली म्हणून. पण नंतर वडिलांबरोबर खडी भरायला जाई तेव्हा तेव्हा मी ते फडकं पाहिलं. वैनी सगळं संपवायची. उतरत्या उन्हात बायांबरोबर नदीवर पाण्याला जायची, आणि तिचं हसणं पुन्हा ऐकू यायला लागलं होतं.

त्या झोपडीत सखू झाली. उपाशी माणसांच्या वस्तीत, चटईच्या आडोशाला! आणि पोर कशी? हातापायांना वळ्या पडलेली. रडली की रुळापलीकडचा माणूस मागे वळून बघायचा. आई तिला बघायला आली, नाक मुरडून म्हणाली, "पोरगी हाय ना. पोरी मरत नायत." नात झाल्यावर आमच्या आईच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

मग वर पाऊस झाल्याचं कळलं आणि घाटावरची माणसं आली तशी परत गेली. जायच्या दिवशी वैनीची आई आमच्या दारात आली. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "जेवत जा गं." आमच्या आईला ते झोंबलं. ती गेल्यावर ताडताड बोलली, "आमी काय हिला उपाशी ठेवतो?"

ठेवत होतो! स्पष्ट सांगतो. घरात भाताची कणगी असताना ठेवत होतो. कारण दुसऱ्या वेळेपासून बाळंतपण सासरी, आणि सासरचं शहाणपण असं की सातवा महिना लागला की सुनेचं ताट निम्मं करायचं. का, तर "पोर बारीक, तर सुटका लवकर." हे आईचं म्हणणं, आईच्या सासूचं म्हणणं, आणि सगळ्यात आधी कुठल्या गाढवाने म्हटलं ते देव जाणे. सकाळी पेज, रात्री पेज, पेजेत शीत शोधावं लागेल अशी. वैनीला भूक लागायची. तिने एकदा दबक्या आवाजात म्हणून पाहिलं, "आये, थोडा भात..." आई म्हणाली, "घाटावर हावरटासारखं खात असतील. आमच्यात असलं चालत नाय." आणि वैनी म्हणाली, "बरं."

पोर बारीकच झालं. ओंजळीत मावेल एवढं. आईने आळीभर सांगितलं, बघा, कशी चटकन सुटका झाली. पुढच्या अमावास्येच्या आत त्या पोराचीही सुटका झाली. त्यानंतरच्या खेपेला तेच ताट, तीच पेज, आणि ते पोर तर रडलंसुद्धा नाही. लोक भेटायला आले. त्यांच्यासमोर आईने कपाळाला हात लावला, "काय करावं! घाटी पोटातच दोष हाय."

तेव्हा सखू अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. त्याच घाटी पोटाची सखू! लालबुंद गालांची! ती कुणाला दिसली नाही. बाई परकी होती, झोपडीत होती, मोठ्याने हसत होती, तेव्हा तिचं पोर जगलं. ती आमच्यासारखी झाली आणि तिची पोरं मरायला लागली. एवढी उघड गोष्ट, पण सांगायची कुणाला? आईची स्वतःचीही मुलं गेली होती. तिचंही ताट कुणीतरी असंच निम्मं केलं होतं. हे मला कळतं. पण कळलं म्हणजे राग जातो, असं थोडंच आहे?

आणि दादा! माझा थोरला भाऊ, अंगाने रेडा, औत धरला तर बैल दमायचे. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या बायकोला पोटभर वाढायला सांग की. तो म्हणाला, "आयेला इचारतो." दादाचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत गेलं. पेरणी कधी करायची? आयेला इचारतो. जत्रेला यायचंय का? आयेला इचारतो. विचारायचा मात्र कधीच नाही, कारण उत्तर काय येईल ते त्याला ठाऊक असायचं.

वैनीला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना चालू होता. पाऊस ओसरत आला होता. मी ओढ्यावर बैल धूत होतो आणि ती वरच्या अंगाला लुगडी आपटत होती. आपटता आपटता थांबली आणि म्हणाली, "भावजी, मला भांडायला शिकवा."

मला हसू आलं. म्हटलं, "कुणाशी भांडताय, वैनी?"

"आत्याबाईंशी. त्यांनी मला घरातनं हाकलून द्यायला पायजे."

कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून "आत्याबाई" हा शब्द आला होता. मी बैल सोडून काठावर बसलो.

"म्या आपल्या पायानं गेले तर बा मला दुसऱ्या दिवशी परत आनून घालंल," ती म्हणाली. "नांदत्या लेकीला ठेवून घेतली म्हनून गाव त्येच्या तोंडात शेण घालंल. पन हाकलली तर? मग बोल तुमच्या घराला. मग बा मला हक्कानं ठेवून घेतो. सातवा लागायच्या आत मला हाकलायला पायजे, भावजी. ह्ये पोर मला घालवायचं न्हाय."

मी म्हटलं, असला उलटा कारभार कशाला? मी आईला सरळ विचारतो. विचारलंही. आई म्हणाली, "तिसऱ्या-चवथ्या खेपंला कोन म्हायेरी धाडतं रं? गाव काय म्हनंल, यांना सुनेचं बाळंतपन झेपत नाय?" म्हणजे पोरं मेली तर गाव काही म्हणत नाही, सून माहेरी जाऊन पोर जगलं तर म्हणणार! आग लागो त्या गावाच्या म्हणण्याला.

मी वैनीला विचारलं, "बाजरीसाठी जीव टाकताय होय?"

"बाजरीत काय जादू हाय?" ती म्हणाली. "तुमच्या तांदळात बी इख न्हाय. पोटभर वाढला आसता तर तांदळानं बी पोर धरलं आसतं. तिकडं मला कुनीतरी इचारतं, जेवलीस का म्हनून. हितं कुनी इचारत न्हाय, आन् म्या 'बरं' म्हनते. मला बी आता त्येची सवय लागलीया, भावजी. त्येचंच भ्या वाटतं."

मग शिकवणी सुरू झाली. मी आईचाच मुलगा. भांडणाचं शिक्षण मला पाळण्यात मिळालेलं. म्हटलं, आधी पदर खोचा. हात पुढे करून बोटं नाचवा. आवाज पोटातून काढा. आता म्हणा, तुमच्या घराचं वाटोळं होवो! वैनीने पदर खोचला, हात पुढे केला, तोंड उघडलं आणि म्हणाली, "नगं बाई. सखूचं घर हाय ते." दुसरी शिवी शिकवली, तर ती तिने अंगाईसारखी म्हटली. मी कपाळाला हात लावला.

तरी तिने एकदा प्रयत्न केला. आई दळणाला बसली होती. वैनी समोर जाऊन उभी राहिली, शिकवलेलं सगळं पाठ म्हटलं. आई जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, "काय पुटपुटतेस? चुलीतला जाळ सार आधी." दुसऱ्यांदा मी सुचवलं, पाण्याचं मडकं अंगणात आपटा, मोठा आवाज होऊ द्या. तिने मडकं डोक्याच्या वर उचललं. मी कुडाआडून बघतोय, आता आपटेल, मग आपटेल. तिने ते हळूच खाली ठेवलं. मला नंतर म्हणाली, "चांगलं मडकं हुतं वो. कुंभारानं किती निगुतीनं घडवलेलं." वर सातवा लागत आलेला! मी तिच्यावर असा खेकसलो की मला वाटलं आता तरी ती मला उलट बोलेल. कुठलं काय.

अश्विनातली पुनव आली. आमच्याकडे हा नव्याचा दिवस. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून घरात आलेलं असतं, दाराला लोंब्यांचं तोरण बांधतात, आणि नव्या तांदळाचा पहिला भात शिजतो. त्याचा नैवेद्य आधी देवाला, मग गाईला, मग घरातल्या थोरांना. त्याआधी नवा दाणा जिभेला लावायचा नाही. शेंबडी पोरंसुद्धा त्या दिवशी भाताचा वास घेत गुमान बसतात. देवाच्या तोंडचा घास काढण्याएवढं मोठं पाप आमच्या गावात दुसरं नव्हतं. सुनेची पोरं उपाशी पोटी मारणं हे त्या यादीत नव्हतंच.

आईने देवापुढे पान मांडलं. भाताचा डोंगर, वर वरण, तूप, बाजूला खीर. मग ती आळीतल्या बायांना हाका मारायला बाहेर गेली. त्यांना घेऊन परत आली आणि उंबऱ्यातच थिजली. मी मागेच होतो.

वैनी देवापुढे मांडी घालून बसली होती. पुढ्यात नैवेद्याचं पान. पदर खोचलेला नव्हता, बोटं नाचत नव्हती. ती भांडत नव्हती, जेवत होती. मोठमोठे घास घेऊन, सावकाश चावून, दगडफोडी बाई दुपारी जेवते तशी.

"अगं ए भवाने! काय करतेस?" आई किंचाळली.

"जेवते, आत्याबाई."

"देवाच्या आधी?"

वैनीने तोंडातला घास गिळला. "देव उपाशी न्हाय. म्या हाय," ती म्हणाली. "भात हाय का अजून? वाढा."

मागच्या बायांनी "अगं बाई!" करून तोंडावर हात ठेवले. झालं. चार घरच्या साक्षीने झालं, आता आईला ते झाकता येणार नव्हतं. आईच्या तोंडून जे निघालं ते मी लिहीत नाही. शेवट एवढाच की, "नीघ! जा तुझ्या घाटावर! पुन्ना या उंबऱ्यात पाय ठेवू नको!" दादा ओटीवर उभा होता. तो आढ्याकडे बघत राहिला. वैनीने पानातलं शेवटचं शीत टिपलं, हात धुतला, खरकटं पान उचलून गाईपुढे ठेवलं, सखूला कडेवर घेतलं. आणि म्हणाली, "बरं."

मी म्हटलं, मी पोचवून येतो. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

नेरळला गाडीत बसलो. कर्जतला घाट चढायला मागून आणखी एक इंजिन लावतात, त्यात बराच वेळ जातो. वैनी खिडकीतून दहिवलीच्या बाजूला बघत होती. माळावर झोपड्या नव्हत्या, नुसतं गवत माजलं होतं. तिने सखूला दाखवलं, "त्या तिथं झालीस तू." मग गाडी हलली. मी आपला काळजीत. आता पुढे काय, दादा काय करणार, बाईचं आयुष्य उघड्यावर पडलं. गाडी पहिल्या बोगद्यात शिरली, डब्यात अंधार झाला, आणि त्या अंधारात वैनी हसली. मोठ्याने, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल अशी. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"भात लई झ्याक शिजला हुता, भावजी," ती म्हणाली.

पौषात मुलगा झाला. मी बघायला गेलो तेव्हा त्याने माझं बोट असं धरलं की सुटेना. वैनी उन्हात बसून ज्वारीच्या पिठाला पाणी लावत होती. पुढ्यात शेजारणी, सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता.

मुलगा झाल्याचं कळल्यावर आमच्या घराला एकदम घाटी पोटाचा पुळका आला. "वंशाचं पोर हाय, घेऊन या," आई म्हणाली. "तिला यायचं आसंल तर येऊ द्या, आमी काय वाईट नाय." काय उपकार! दादा आणि मी गेलो. वैनीच्या वडिलांनी घोंगडं अंथरलं. दादाने पोराला मांडीवर घेतलं, त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, तो वाईट माणूस नव्हता. वैनी दाराशी उभी राहिली. ती यायला तयार होती, तिचं गाठोडंही बांधलेलं मी पाहिलं. तिने एकच गोष्ट विचारली.

"पुढच्या टायमाला पोटभर वाढाल न्हवं?"

एवढा धिप्पाड माणूस. त्याने मुलाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. आणि म्हणाला, "आयेला इचारतो."

वैनीने पोर त्याच्या मांडीवरून उचललं. "इचारून या," ती म्हणाली. आणि गाठोडं सोडायला आत गेली.

परतीच्या वाटेवर मी दादाला नाही नाही ते बोललो. तो विचारणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच आईला सांगितलं. आई म्हणाली, "देवाच्या पानातलं गिळून वर अटी घालते व्हय?" पुढच्या उन्हाळ्यात दहिवलीची मुलगी आणून दादाचं दुसरं लग्न लावलं. इथलीच, तांदूळ खाऊन वाढलेली, "नाय" म्हणणारी, लहान पावलांनी चालणारी. तिला माणसात आणायची गरजच नव्हती. तिच्या माहेरचं शहाणपणही तेच, तीच पेज, आणि तिचंही पहिलं पोर गेलं. आता दोष कुठल्या पोटाचा? दहिवलीच्या मातीचा? मी आईला तोंडावर विचारलं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि मी चौकला नोकरी धरली ती परत राहायला गेलोच नाही.

चौकवरून घाट उतरून येणारा हमरस्ता जातो. वरून लग्न होऊन आलेल्या, कामाला म्हणून येऊन राहिलेल्या बाया इथे घरोघर आहेत. शाळेत त्यांची मुलं येतात. थोरलं दणकट असतं, आईची बोली अजून वरची होती तेव्हाचं. पाठचं काटकुळं. पाठच्याच्या पाठचं शाळेत येतच नाही. मग मी त्यांच्या घरी जातो आणि भांडतो. होय, दारात उभा राहून, पदर नाही म्हणून उपरणं खोचून भांडतो. लोक म्हणतात मास्तरला बायकांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड आहे. माझ्या बायकोच्या वेळी तिचं ताट मी माझ्या हाताने आधी वाढलं, त्यालाही गाव हसलं. हसू दे. माझी चारही मुलं त्या हसणाऱ्यांना पुरून उरतील.

वैनी गेल्या माघात गेली. सखूचा नवरा सांगायला आला होता. शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने भाकरी थापत होती म्हणाला. तेव्हापासून मला तिची एकच आठवण येते आहे. ती पोशीरला पुन्हा आली होती, फक्त एकदा.

आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून मीही पोशीरला आलो होतो. नातवाला बघायचंय म्हणून तिने धोसरा काढला. मी वर निरोप दिला आणि मला वाटलं, वैनी मुलाला पाठवेल फार तर. पण ती स्वतः घेऊन आली. नेरळपासून पोशीरपर्यंत चालत, त्याच लांब ढांगा टाकत, आणि मुलगा तिच्या बरोबरीने. तोच उंबरा, जिथे पाय ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं. तिने ठेवला. नातवाला आजीच्या उशाशी बसवलं. आईने त्याच्या दंडावरून, पाठीवरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला.

चुलीपाशी दादाची दुसरी बायको उभी होती. पोट पुढे आलेलं आणि हात काटक्यांसारखे. वैनी तिला प्रथमच बघत होती. कुणाला वाटलं असतं, सवत सवतीला टोमणा मारेल. वैनी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "जेवलीस का गं?"

त्या पोरीने आधी आईच्या अंथरुणाकडे बघितलं.

"तिकडं नगं बघू," वैनी म्हणाली. "तुझ्या पोटाला इचार."

आणि त्या पोरीने मान हलवली. नाही. वैनीने तिला हाताला धरून खाली बसवलं, ताट घेतलं, मडक्यातला सगळा भात त्यात काढला. पुरुष अजून जेवायचे होते. आई जागी होती, डोळे उघडे होते, सगळं बघत होती. ती पोर रडत रडत जेवायला लागली. दादा बाहेरून आला आणि दारातच खांबासारखा उभा राहिला, घरातला उजेड अडवून.

वैनीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "बाजूला व्हा," ती म्हणाली. "ताटावर उजेड येऊ द्या."

दादा बाजूला झाला. आईला न विचारता.